घरी येणारी नर्स: बाळ झाल्यावर तुमच्या दारात कोण आलं होतं?

एडिसनची_सून

मंडळी, लेकीला परवा पाच महिने पूर्ण झाले आणि आज ती चक्क दोन तास सलग झोपलीय, म्हणून बरेच दिवस डोक्यात असलेला धागा काढतेय.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. इथे २०२१ साली कायदा झाला की ज्या घरात बाळ येईल त्या घरी नर्स फुकट पाठवायची, आणि २०२४ पासून आमच्या मिडलसेक्स कौंटीत ते सुरू झालं. फॅमिली कनेक्ट्स म्हणतात त्याला. पगार किती, इन्शुरन्स कुठला, व्हिसा कुठला, काहीच अट नाही, दत्तक बाळ असलं तरी येतात. नवरा म्हणाला, अमेरिकेत फुकट म्हणजे दोन महिन्यांनी बिल येणार बघ. त्याने फोन करून तीन वेळा खात्री केली, तिसऱ्यांदा ती पलीकडची बाई हसायलाच लागली म्हणे.

अकराव्या दिवशी नर्स आली. आई पुण्याहून आली होती, तिने सकाळी सहापासून घर घासायला काढलेलं, बाथरूमचे नळ सुद्धा चमकवले, वर पोह्यांची तयारी, कोणीतरी मुलगी बघायला येतंय असं वातावरण. मी तिला म्हटलं अगं ती बाळाचं वजन करायला येतेय. तर म्हणे, सरकारी माणूस आहे, काय काय लिहून नेईल कोणास ठाऊक.

मला दोन दिवस डोकेदुखी होती. आईने रीतीप्रमाणे कानात कापूस घालून डोकं घट्ट बांधलेलं, वारं लागलं असेल, जागरण आहे, होतं असं बाळंतिणीला. मलाही ते पटलेलं. नर्सने बाळाला उघडं करून वजन केलं, नाळ बघितली, पाजताना बघितलं, सगळं उत्तम. मग म्हणाली, आता तुझं बीपी बघू. मी म्हटलं माझं कशाला, प्रेग्नन्सीभर नॉर्मल होतं. १६२/१०४. तिने काही न बोलता पंधरा मिनिटं मला शांत बसवलं, परत बघितलं, १६०/१०२. मग विचारलं की डोक्याला हे का बांधलंय. तेव्हा कुठे डोकेदुखीचं बोलणं निघालं, मग डोळ्यांसमोर काजवे चमकतात का, वर पोटात दुखतं का, आणि काजवे खरंच दोनदा चमकले होते, मी ते उठताना चक्कर म्हणून सोडून दिलेलं. तिने तिथूनच माझ्या डॉक्टरला फोन लावला आणि अर्ध्या तासात आम्ही इमर्जन्सीत. मॅग्नेशियमची ड्रिप चोवीस तास. मला वाटायचं हे बीपीचं प्रकरण बाळ बाहेर आलं की संपतं. नाही, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकतं, आणि माझी डॉक्टरची पुढची अपॉइंटमेंट बरोब्बर सहा आठवड्यांनीच होती.

पोहे तसेच राहिले. आई अजून म्हणते, तिला चहा सुद्धा विचारला नाही गं आपण.

तर तुमच्याकडे कोण आलं होतं? कुठल्या गावात, कुठल्या देशात, काय बघितलं, काय आवडलं, काय खटकलं? कोणी आलंच नसेल तर तेही लिहा.

ट्रायँगलकर

बापरे, थोडक्यात वाचलात. काळजी घ्या.

तुमची ती फॅमिली कनेक्ट्स मूळची आमच्या गावची, नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमची. ड्यूक युनिव्हर्सिटीच्या लोकांनी सुरू केलेलं, तेव्हा डरहॅम कनेक्ट्स नाव होतं. आणि ह्यात आमची एक जुनी जखम आहे. २००९ च्या जुलैपासून २०१० च्या डिसेंबरपर्यंत त्यांनी एक प्रयोग केला, कौंटीत सम तारखेला जन्मलेल्या बाळांच्या घरी नर्स, विषम तारखेला जन्मलेल्यांच्या घरी नाही. आमचे चिरंजीव २०१० च्या मे महिन्यात १३ तारखेला रात्री साडेअकराला आले. अर्धा तास थांबला असता तर काय बिघडत होतं! शेजारच्या मेक्सिकन कुटुंबाची मुलगी २० तारखेची, त्यांच्याकडे नर्स आली, बायको खिडकीतून बघत बसलेली.

नंतर निष्कर्ष आले की पहिल्या वर्षात सम तारखेच्या बाळांच्या इमर्जन्सीच्या चकरा विषमवाल्यांच्या जवळपास निम्म्या. आम्ही त्या वर्षात चार चकरा मारल्या, त्यातली एक निव्वळ हिरव्या शीसाठी. म्हणजे त्या आकड्यात आमचाही खारीचा वाटा आहे.

चहाबाज

पहिलं बाळ २०१९, नर्सचा फोन आला, आम्ही नको म्हटलं. अनोळखी बाई घरात कशाला. आई-वडील, सासू-सासरे सगळे होते. काही बिघडलं नाही. इतकाच अनुभव.

लेस्टरची_लेक

@चहाबाज तुम्हाला नको म्हणायचा चॉइस होता, इथे यूकेत तसा हक्क असला तरी कोणी वापरत नाही, बाळ झालं की मिडवाइफ येणारच, पोस्टमन यावा तशी. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी एक, पाचव्या दिवशी टाचेतून रक्त घ्यायला एक, मग दहाव्या दिवसाच्या आसपास त्यांचं संपतं आणि हेल्थ व्हिजिटर सुरू होते. ती स्पेशल ट्रेनिंग घेतलेली नर्सच असते. ही पद्धत इथे फार जुनी आहे, १८६२ साली मँचेस्टर-सॅल्फर्डकडच्या बायकांच्या एका मंडळाने गरीब वस्त्यांत घरोघरी बाई पाठवायला सुरुवात केली तिथपासून.

माझी भीती वेगळी होती. इथल्या सगळ्या देशी मैत्रिणींनी घाबरवून ठेवलेलं की ती घर बघते, काही चुकीचं दिसलं तर सोशल सर्व्हिसेसला कळवते. त्यात आमच्या बाळाच्या कुल्ल्यांवर आणि कमरेवर मोठे निळे-काळे डाग. आपल्याकडे कोणी त्याकडे बघत पण नाही, सासूबाई म्हणतात सटवाईने चापट मारून पाठवलंय. मी मात्र रात्रभर गूगल करत बसलेले की ह्यांना वाटणार मारलंय म्हणून. सकाळी ती यायच्या आधी मी बाळाला दोन लंगोट, वर पायजमा, वर ब्लँकेट, जूनमध्ये! पोर घामाघूम.

तिने उघडलं, बघितलं आणि म्हणाली, अरे हे मला लिहून ठेवायला हवं. माझ्या पोटात गोळा. तर तिने रेड बुकात, म्हणजे बाळाची लाल वही असते त्यात, आकृती काढून कुठे किती मोठा डाग आहे ते लिहिलं, तारीख घातली, सही केली. मला म्हणाली की हे जन्मखूण आहे, आशियाई आणि आफ्रिकन बाळांना पुष्कळदा असतात, चार-पाच वर्षांत फिके होतात, उद्या नर्सरीत किंवा हॉस्पिटलात कोणी नवीन माणसाने बघून भलताच अर्थ काढू नये म्हणून आजच लिहून ठेवतेय, ही वही तुझ्या बाजूने बोलेल. मी इतकी रडले ना तिच्यासमोर. ती म्हणाली रड, पण आधी ह्याचं ते ब्लँकेट काढ.

काजळाला मात्र सपशेल नाही म्हणाली. शिसं असतं त्यात, डोळ्यात तर नाहीच पण तीट पण लावू नका. आम्ही तीट तळपायाला लावायला लागलो, तिथे ती बघत नाही :)

आइंडहोव्हनचा_बाबा

नेदरलँड्सचं वेगळंच आहे, आणि पूर्ण फुकट नाही हे आधीच सांगतो, इन्शुरन्स देतो पण तासामागे थोडे युरो आपल्या खिशातले. क्रामझोर्ख म्हणतात. येणारी बाई नर्स नसते, बाळंतीण सांभाळायचं शिक्षण घेतलेली असते, आणि तासभर येऊन जात नाही, पहिला आठवडाभर रोज येते, काही तास राहते! बाळाचं तापमान, वजन, आईचे टाके बघणे, बाथरूम धुणे, आल्या-गेल्याला दारातच थोपवणे, हे सगळं तीच करते.

पण आधी अट घातली की पलंग उंच हवा, तिच्या कमरेला त्रास होऊ नये म्हणून, तसा नियमच आहे. पलंगाखाली घालायचे ठोकळे भाड्याने मिळतात. ते लावल्यावर आमचा पलंग मचाणासारखा झाला आणि टाके पडलेल्या बायकोला त्यावर चढायला स्टूल लागायला लागलं. विनोद असा की पलंग तिच्या कमरेसाठी उंच केला आणि माझी कंबर गेली.

दुसऱ्या दिवशी तिने बाळाला बादलीत बसवून आंघोळ घातली. बादलीत! इथे त्यासाठी खास बादली मिळते. नेमका तेव्हा आईचा सांगलीहून व्हिडिओ कॉल. आई ओरडली, अरे त्याचं टाळू सांभाळ, मग पुढे पाच मिनिटं काही बोललीच नाही कारण पोरगा बादलीत झोपून गेला होता.

आणि एक गंमत. बाळ झालं की इथे टोस्टवर लोणी लावून त्यावर साखरेचं कवच असलेले बारीक दाणे घालून देतात, मुलगा असेल तर निळे, मुलगी असेल तर गुलाबी. चावल्यावर लक्षात आलं की आत बडीशेपेच्या चुलतभावासारखा दाणा आहे. विचारलं तर म्हणाली दुधासाठी चांगलं असतं, आमच्याकडे जुनं आहे हे. बायकोने कपाटातून आईने पाठवलेला बाळंतशेपाचा डबा काढून तिच्यासमोर ठेवला. दोघी एकमेकींकडे बघून हसत सुटल्या, भाषा एकीला दुसरीची येत नव्हती.

कोथरूडकरीण

कोणी आलंच नाही त्या गटातली मी.

पुण्यात चांगलं खाजगी हॉस्पिटल, सिझेरियन, चौथ्या दिवशी घरी. डिस्चार्जच्या कागदावर पुढची तारीख पंधरा दिवसांनी. घरी मालिशवाल्या मावशी रोज यायच्या, त्या म्हणायच्या बाळ शांत आहे हो, अजिबात रडत नाही, गुणी आहे. गुणी कसलं, उपाशी होतं. माझं दूध नीट उतरलंच नव्हतं आणि ते झोपाळू झालेलं. आठव्या दिवशी नणंद आली, तिने डोळे बघितले, पिवळे. तसंच गाडीत घालून नेलं. जन्माचं वजन ३.१ किलो, तेव्हा २.७ भरलं. कावीळ बरीच वाढलेली, तीन दिवस निळ्या दिव्याखाली. त्या तीन दिवसांत तिथल्या एका वयस्कर सिस्टरने मला बाळ कसं धरायचं, त्याचं तोंड किती मोठं उघडू द्यायचं, दिवसाला सहाच्या वर लंगोट ओले होतात का हे मोजायचं, एवढंच शिकवलं. वीस मिनिटांचं काम. हे वीस मिनिटांचं काम करायला पाचव्या दिवशी कोणी घरी आलं असतं तर?

नंतर कळलं की आशाताई असतात. पण आमच्या सोसायटीत कधी कोणी दिसलं नाही. शहरात त्यांचं काम मुख्यतः वस्त्यांमध्ये आहे असं ऐकलं. आणि खरं सांगू, आली असती तरी आमच्या वॉचमनने गेटवरच अडवली असती, कुठल्या फ्लॅटला, कोणी बोलावलं, ॲपवर एंट्री आहे का.

आशा_माणदेशी

@कोथरूडकरीण ताई, अडवत्यात. माझी भाची शहरात आशा हाय, तिला पोलिओच्या वेळी पण तीन तीन गेट पार करावी लागत्यात.

मी आशा. बारा वर्षं झाली. मोबाईलवर लिहितीय, चुकलं तर सांभाळून घ्या. बाळंतीण दवाखान्यातून आली की आम्ही तिच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातो. घरी बाळंत झाली असंल तर पहिल्या दिवशी पण. सगळ्या भेटी पूर्ण करून फॉर्म भरला की २५० रुपये. एका भेटीचे नाही, सगळ्यांचे मिळून. पुढं तीन महिन्यांपासून पंधरा महिन्यांपर्यंत अजून पाच भेटी असत्यात, त्याचे भेटीला ५०. एक वाडी माझ्याकडनं साडेचार किलोमीटर हाय, हिशोब तुम्हीच करा.

आमच्या पिशवीत ताप बघायचं यंत्र, वजनाचा काटा आणि त्याची झोळी, घड्याळ. आधी हात धुवायचे साबणानं, ते बघूनच सासवा म्हणायच्या हिला आमच्या घराची किळस येती का. मग मी काय केलं, म्हटलं आत्या तुम्ही पण धुवा, मी शिकवते. आता माझ्या आधी त्याच पाणी घिऊन उभ्या.

सगळ्यात मोठं भांडण वजनाचं. बाळ काट्याला टांगलं की सुकतं, दृष्ट लागती, असं लई घरात म्हणत्यात. आणि पाचवी पूजायच्या आधी तर बाहेरच्या बाईनं हात लावायचा नाही. एका घरात सून माहेरी न जाता सासरी बाळंत झालेली, बाळ तिसऱ्या दिवशी बघाय गेले तर सासू म्हणाली लांबनं बघ. मी लांबनंच बघितलं. थंडीचे दिवस, दार उघडं, बाळाला आंघोळ घालून नुसत्या पातळ फडक्यात ठेवलेलं. म्हटलं आत्या, हात नाही लावत, तुम्हीच तळपायाला हात लावा आन मला सांगा गरम हाय का गार. त्यांनी लावला. तोंड उतरलं त्यांचं. बर्फ. मग स्वतःच म्हणाल्या तू बघ. ताप बघायचं यंत्र लावलं तर ३५.२ सेल्सिअस. वजन केलं १९०० ग्रॅम. दवाखान्याच्या कागदावर २१०० होतं.

आईच्या पोलक्यात बाळ घातलं, उघड्या छातीला उघडं, वरनं दोघींना वाकळ, डोक्याला टोपी. त्याला आता कांगारू म्हणत्यात, माझी आजी न सांगता करायची. १०२ ला फोन केला, गाडी येईस्तोवर तिनं तीनदा थोडं थोडं पाजलं. जिल्ह्याला नवजात कक्षात नऊ दिवस होतं. आता पहिलीत हाय. सासू मला बघितलं की अजून तळपाय दाखवती, स्वतःचे :)

धानोऱ्याचा_इंटर्न

आशाताई, सलाम.

आशांच्या ह्या सगळ्या भेटींचं मूळ गडचिरोलीत आहे हे इथे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. डॉक्टरकीच्या शेवटी मी काही आठवडे शोधग्रामला होतो. शोधग्राम म्हणजे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ ह्या संस्थेचं ठिकाण. ‘सर्च’ने १९९३ पासून तिथल्या ३९ गावांत आधी नोंदी केल्या आणि मग गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळ बघायला शिकवलं, आरोग्यदूत म्हणून. घरी जाऊन श्वास मोजायचे, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग वाटला तर चक्क जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. त्या काळी डॉक्टर लोकांनाच ते पचलं नव्हतं, अडाणी बाई सुई टोचणार म्हणजे काय. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं, शेजारच्या गावांच्या तुलनेत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. २०११ ला केंद्र सरकारने आशांमार्फत देशभर हे घेतलं, ते तिसरा-सातवा-चौदावा दिवस वगैरे तिथूनच.

मला आवडलेली वस्तू म्हणजे श्वास मोजायचं लाकडी यंत्र. ज्यांना साठपर्यंत मोजायची सवय नाही अशांसाठी बनवलेलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची रांग, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मण्याला पोचलात की बाळाला न्यूमोनिया असू शकतो. मी स्टेथोस्कोप गळ्यात घालून मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजत होतो आणि दोनदा चुकलो, तिथली मावशी मण्यांवर नाही चुकली.

मेलबर्नची_मीनल

मला जरा उलटं लिहायचंय, चालेल ना?

इथे व्हिक्टोरियात कौन्सिलची मॅटर्नल अँड चाइल्ड हेल्थ नर्स असते, मूल साडेतीन वर्षांचं होईपर्यंत एकूण दहा भेटी, फुकट, हिरवी वही मिळते. पहिली भेट घरी, बाकीच्या सेंटरवर. शिवाय चोवीस तासांची फोन लाइन, रात्री तीनला फोन केला तरी नर्सच बोलते.

पहिली भेट घरी झाली तेव्हा हॉलमध्ये मी, बाळ, सासूबाई, सासरे, नवरा. सगळे कौतुकाने बसलेले. तिने मला विचारलं तू कशी आहेस, झोप होते का, रडू येतं का. मी म्हटलं फाइन. दुसरं काय म्हणणार, सासूबाई शेजारी डिंकाचा लाडू घेऊन बसलेल्या, त्या बिचाऱ्या खरंच माझ्यासाठी पहाटे उठायच्या, त्यांच्यासमोर मी कशी म्हणू की मला हे बाळ बघितलं की काहीच वाटत नाही. ती म्हणाली थोडं एकटं बोलता येईल का, तर सासूबाईंना राग आला, आमच्यासमोर न बोलण्यासारखं काय आहे. मग मीच म्हटलं नको, ठीक आहे.

चार आठवड्यांनी सेंटरवर गेले, नवरा गाडी पार्क करत होता. तिने दार लावलं आणि दहा प्रश्नांचा कागद दिला. एडिनबरा स्केल म्हणतात, १९८७ मधलं आहे, जगभर वापरतात. मला ३० पैकी १७. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करायचे विचार येतात का. त्यावर मी ‘कधीकधी’ला खूण केली आणि पहिल्यांदा कोणालातरी सांगितलं. त्याच दिवशी जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, मग सायकॉलॉजिस्ट, औषधं. आता बरी आहे, लेक तीन वर्षांची आहे, मला तिच्याशिवाय करमत नाही.

म्हणून सांगते, घरी येणं चांगलंच, पण घरात घरचे असतात. नर्स जर म्हणाली की दहा मिनिटं एकटं बोलूया, तर घरच्यांनो, प्लीज उठा आणि बाळाला घेऊन जरा बाहेर फिरून या. आणि जिला असं काही वाटतंय तिने वाट बघू नका, नर्स येवो न येवो, डॉक्टरला सांगा.

एडिसनची_सून

मीनल, घट्ट मिठी. माझ्याकडे पण आई शेजारी होती, आणि ते प्रश्न आले तेव्हा मी पण फाइनच म्हणाले होते. तेव्हा खरंच फाइन होते की नाही ते आता आठवत नाहीये.

आजी_६८

माझ्या नातवाने हे मराठी कीबोर्ड घालून दिले आहे. मी मुलीच्या बाळंतपणाला डब्लिनला गेले होते. तिकडे पब्लिक हेल्थ नर्स हॉस्पिटलमधून आल्यावर तीन दिवसांच्या आत घरी येते. आली ती माझ्या मुलीहून लहान. मी बाळाला मध चाटवायला सोन्याची काडी काढून ठेवली होती. तिने विचारले हे काय. मुलीने सांगितले. ती म्हणाली एक वर्ष होईपर्यंत मध अजिबात नको, त्यातल्या जंतूंचे बीज बाळाच्या आतड्यात वाढू शकते. मला फार राग आला. माझी तीन मुले मधावरच मोठी झाली. घुटी सुद्धा नको, पाणी सुद्धा नको, सहा महिने फक्त दूध. मग आजीने करायचे काय, नुसते बघत बसायचे?

पण नंतर ती म्हणाली तुम्ही मालिश करता ते मला दाखवाल का. मी पाय लांब करून बसले आणि पायावर घेऊन दाखवले. तिने बसून पूर्ण बघितले. फक्त नाकात तेल घालू नका आणि नाक दाबून सरळ करू नका म्हणाली. नाक दाबायचे मी तसेही सोडले होते, कारण जावयाचे नाक बघता उपयोग नाही.

अळिवाची खीर दिली. दोन वाट्या खाल्ली. मध डबीतच राहिला.

निनावी_सध्या

मी फार लिहिणार नाही. आमचं बाळ ३८ आठवड्यांना पोटातच गेलं. यूकेत. तरी मिडवाइफ घरी आली. मला वाटलं चुकून आली, यादीतून नाव काढायचं राहिलं असेल. नवऱ्याने दारातच सांगितलं की आमच्याकडे बाळ नाहीये. ती म्हणाली मला माहिती आहे, मी तिच्यासाठी आलेय.

तिसऱ्या दिवशी दूध आलेलं. ते येतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते कसं थांबवायचं, किती दिवस दुखेल, ब्रा कुठली घालायची, हे तिने सांगितलं. टाके बघितले. बाळाचं नाव विचारलं. आणखी दोनदा आली. घरात त्या आठवड्यात त्याचं नाव दुसऱ्या कोणी घेतलं नाही.

एडिसनची_सून

@निनावी_सध्या काय लिहू कळत नाहीये. लिहिलंत त्याबद्दल आभार. इथल्या कार्यक्रमात पण ज्यांचं बाळ गेलं त्यांच्या घरी नर्स जाते असं पत्रकात होतं, मी ती ओळ वाचून पटकन पान उलटलं होतं.

लेस्टरची_लेक

@निनावी_सध्या व्यनि (खाजगी निरोप) केलाय. वाटलं तरच उत्तर द्या.

पहिलटकरीण_३६_आठवडे

नमस्कार, वाचनमात्र होते, ह्या धाग्यासाठी आयडी काढला. मी पण मिडलसेक्स कौंटीतच, पुढच्या महिन्यात ड्यू आहे. सगळे अनुभव रात्री जागून वाचले आणि नवऱ्याला आत्ताच बीपीचं मशीन ऑर्डर करायला लावलं. आईचा व्हिसा झालाय, ती डिंक, अळीव, बाळंतशेपा, डोक्याला बांधायचे तीन रुमाल सगळं भरून येतेय.

दोन बाळबोध प्रश्न. नाव कुठे नोंदवायचं, हॉस्पिटलवालेच करतात का? आणि नर्सला चहा विचारायचा की नाही??

एडिसनची_सून

हॉस्पिटलात सांगतात, पण तू आत्ताच ऑनलाइन नाव टाकून ठेव, नंतर हात मोकळे नसतात. प्रश्न आत्ताच कागदावर लिहून ठेव, ती आली की सगळं विसरायला होतं. ती बाळाचं बघून झाल्यावर निघायला लागली तर तूच दंड पुढे कर बीपीला. आणि रुमाल बांध हवं तर, पण डोकं दुखलं तर आईच्या आधी नर्सला सांग.

चहाचं मला विचारू नकोस, आमचा पोह्यांचा इतिहास वर वाचलास ना.

लेस्टरची_लेक

माझी म्हणाली होती, थँक यू, दिवसाला सहा घरं करते, सगळीकडे प्यायले तर बाथरूम कुठे शोधू.

आशा_माणदेशी

विचारायचा की. नको म्हटलं तर सासू रुसती, सगळीकडं घेतला तर रात्री झोप नाही. मी आता सांगते अर्धा कप, बिनसाखरेचा, आन तो पिऊस्तोवर सून बाळाला माझ्यासमोर पाजंल. चहा संपतोय तोवर बाळ कसं धरतीय, ओढतंय का नाही, सगळं बघून होतं.